डॉ. वसंत खानोलकर आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा आकडा

तुमच्या घरात कुणाला गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा कॅन्सर निघाला असेल, तर बायप्सीचा रिपोर्ट आला त्याच रात्री घरातल्या कुणीतरी मोबाइलवर एक गोष्ट शोधली असेल. यातून पाच वर्षं जगणारे शंभरात किती? आकडा सापडतो, झोप उडते, आणि सकाळी तो आकडा घेऊन तुम्ही आमच्यासारख्या डॉक्टरकडे येता.

मागच्या वर्षी चोपडा तालुक्यातला एक मुलगा असाच आला होता. वडील बावन्न वर्षांचे, केळीची शेती. आठ महिने संडासवाटे रक्त जात होतं आणि मूळव्याध समजून मलमं, चूर्णं, एकदा इंजेक्शनही झालं होतं. मुलाकडे दोन आकडे होते. एक अमेरिकेचा, शंभरात साधारण सदुसष्ट. दुसरा भारतातल्या कुठल्याशा हॉस्पिटलचा, बराच कमी. त्याला एवढंच हवं होतं की आपल्या जळगाव-धुळ्याचा आकडा कोणता. तो फारच कमी असेल तर जमीन गहाण टाकून मुंबईला जायचं की नाही, याचा घरात विचार चालला होता.

मी एमबीबीएस डॉक्टर आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही. पण या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी असे आकडे येतात कुठून हे सांगावं लागतं. आणि ते सांगायचं तर डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यापासून सुरुवात केलेली बरी. आपल्याकडे कॅन्सर नीट मोजायची सवय ज्यांनी लावली, त्यांत त्यांचं नाव फार वर येतं.

सूक्ष्मदर्शकामागचा डॉक्टर

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. घराणं मूळचं गोव्याकडचं. वैद्यकीचं शिक्षण लंडन विद्यापीठात झालं आणि १९२३ साली त्यांनी पॅथॉलॉजी विषयात एम.डी. केलं. परत आल्यावर मुंबईत आधी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि मग सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, म्हणजे केईएम हॉस्पिटलचं कॉलेज, इथे ते पॅथॉलॉजी शिकवत होते.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजार कोणता ते सांगणारा डॉक्टर. रुग्णाला तो दिसत नाही. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं नाव गावभर होतं, रिपोर्टखाली सही करणाऱ्याचं कुणी विचारत नाही. खानोलकरांनी बाहेर शिकून येऊन हीच खोली निवडली, आणि पुढची पन्नासएक वर्षं ते तिथून फारसे हलले नाहीत. तुम्हाला हे मुद्दाम सांगतो, कारण कॅन्सरचा कुठलाही आकडा या खोलीतून सुरू होतो. तुकडा नीट तपासला गेला नाही तर पुढची सगळी बेरीज चुकते.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या होत्या, त्या दुःखातून टाटांच्या ट्रस्टने हे काम हाती घेतलं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. देशाच्या कानाकोपऱ्यातले रुग्ण एका छपराखाली येऊ लागले आणि त्यांचे तुकडे एकाच माणसाच्या नजरेखालून जाऊ लागले. असं आपल्या देशात आधी झालं नव्हतं.

आले त्या क्रमाने एक हजार

१९४४ मध्ये खानोलकरांनी तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांवरचा लेख अमेरिकेतल्या कॅन्सर रिसर्च या नियतकालिकात छापला. त्यात सर्वांत मोलाचा शब्द मला वाटतो तो सलग. हे हजार रुग्ण निवडलेले नव्हते, लागोपाठ आलेले होते. डॉक्टर आपल्या बऱ्या झालेल्या रुग्णांबद्दल आनंदाने बोलतो. न आलेल्यांबद्दल, मध्येच सोडून गेलेल्यांबद्दल बोलत नाही. मीही बोलत नाही. म्हणून कुणी तुम्हाला आमच्याकडे शंभरातले नव्वद बरे होतात असं सांगितलं, तर ते शंभर कसे निवडले, हे विचारायला लाजू नका.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, बी. सूर्याबाई यांच्याबरोबर त्यांनी लोकांच्या सवयींमुळे होणारे तीन कॅन्सर मांडले. बिहारकडे खालच्या ओठामागे चुना-तंबाखूची खैनी धरून ठेवतात, तिथेच होणारा. आंध्रच्या किनाऱ्याकडे चुट्टा पेटतं टोक तोंडात ठेवून ओढतात, त्यांच्या टाळूला होणारा. आणि तिसरा कमरेवर, वर्षानुवर्षं धोतर घट्ट आवळून त्वचा घासली जाते तिथे होणारा. देश एकच, पण कॅन्सरची जागा प्रांताप्रमाणे बदलते, आणि त्याला कारण असतं. १९५५ मध्ये एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या लेखात त्यांनी आणखी एक पायरी चढली. तंबाखू ओढणारे आणि चघळणारे कॅन्सरचे रुग्ण एका बाजूला आणि कॅन्सर नसलेले लोक दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना केली. तुलना करायची तर समोर कुणीतरी हवं, ही साधी गोष्ट आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निम्म्या आकड्यांत ती नसते.

या काळात त्यांच्या कामाचा पसारा फार वाढला. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकाराने. आज खारघरला असलेल्या ॲक्ट्रेक या संस्थेचं मूळ त्यातच आहे. पेशी शरीराबाहेर वाढवून त्यांवर संशोधन करणाऱ्या, मूळच्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. कुष्ठरोगात नसांवर काय परिणाम होतो यावर खानोलकरांनी मोठं काम केलं. वेगवेगळ्या समाजांतले रक्तगट अभ्यासले. अणुकिरणांच्या परिणामांवर संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या समितीत ते भारताच्या वतीने बसले. १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण मिळालं, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. पण आपल्या प्रश्नाचा धागा त्यांच्या हॉस्पिटलच्या नोंदवह्यांत आहे, आणि त्या नोंदवह्यांच्या मर्यादेतही.

अंश आहे, छेद नाही

१९४४ साली खानदेशातून परळला कोण पोहोचत असेल, याचा विचार करा. ज्याच्याकडे भुसावळहून रेल्वेचं भाडं होतं, ज्याचा मुंबईत कुणी नातेवाईक होता, आणि ज्याच्यात प्रवासाची ताकद उरली होती, तो. बाकीचे गावातच गेले. त्यांची नोंद कुठेच नाही. म्हणजे टाटाच्या वहीतून एवढं कळत होतं की आलेल्या रुग्णांत तोंडाचे इतके आणि गुदाशयाचे तितके. लाख लोकांमागे किती, हे कळत नव्हतं. शाळेच्या भाषेत सांगायचं तर अंश होता, छेद नव्हता.

छेद आणायचा तर हॉस्पिटलच्या दारात बसून चालत नाही. एक प्रदेश ठरवायचा, जनगणनेवरून तिथली लोकसंख्या घ्यायची, आणि त्या प्रदेशात राहणाऱ्या प्रत्येक कॅन्सर रुग्णाची नोंद शोधून आणायची, मग त्याने उपचार कुठेही घेतलेले असोत. सरकारी दवाखाना, खासगी दवाखाना, लॅब, मृत्यूची नोंद, सगळीकडून. याला लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी म्हणतात. हे काम आपल्याकडे पहिल्यांदा मुंबईत सुरू झालं, १९६३ मध्ये, इंडियन कॅन्सर सोसायटीमार्फत. त्यामागे डॉ. डी. जे. जस्सावाला होते, तेही टाटा मेमोरियलचेच सर्जन. खानोलकर तेव्हा हयात होते. हॉस्पिटलच्या वहीपासून शहराच्या वहीपर्यंतचा हा प्रवास परळच्या त्याच आवारातल्या माणसांनी केला. पुढे १९८२ पासून आयसीएमआरने देशपातळीवर नोंदणीचा कार्यक्रम चालवला आणि नोंदण्या वाढत गेल्या.

या नोंदण्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. गुदाशयाचा कॅन्सर आपल्याकडे युरोप-अमेरिकेपेक्षा बराच कमी होतो. मात्र कमी होणं वेगळं आणि झाल्यावर वाचणं वेगळं. हे दोन आकडे लोक नेहमी एकमेकांत मिसळतात. शिवाय आपल्याकडे हा कॅन्सर पन्नाशीच्या आतल्यांनाही बऱ्यापैकी होतो. चाळिशीतल्या माणसाच्या रक्ताला मूळव्याध म्हणून सोडून देण्याची चूक होते ती त्यामुळेच. माझ्या प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत मीही एका बाईंना बोटाने तपासणी न करता मलम लिहून दिलं होतं. त्या लाजत होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही टाळलं. तीन महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा गाठ बोटाला सहज लागत होती. तुमच्या डॉक्टरने रक्त जातंय ऐकून तपासणीच केली नाही, तर तुम्ही स्वतःहून सांगा. खालच्या गुदाशयातली गाठ शोधायला मोठ्या मशीनआधी हातमोजा पुरतो.

आता त्या मुलाचा प्रश्न. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात देशभरातल्या लोकसंख्येवर आधारित २८ नोंदण्या आहेत. महाराष्ट्रातून त्यात मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर, वर्धा, बार्शी ग्रामीण आणि उस्मानाबाद-बीड आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार यांपैकी एकही नाही. म्हणजे खानदेशात गुदाशयाचा कॅन्सर झालेले किती जण पाच वर्षं जगतात, याचा खरा आकडा त्या अहवालातून निघूच शकत नाही. छेद नसलेल्या १९४४ सालच्या जागेवरच आपण आहोत. आपले रुग्ण मुंबई, नाशिक, संभाजीनगर, सुरत, इंदूर असे पाचही दिशांना पांगतात आणि पाच ठिकाणच्या वह्यांत थोडे थोडे राहतात.

पाच वर्षांनी दार वाजवणारा माणूस

नोंद झाली तरी काम अर्धंच होतं. रुग्ण जिवंत आहे की नाही, हे पाच वर्षांनी कुणीतरी पाहायला हवं. परदेशात अनेक ठिकाणी मृत्यूच्या नोंदी संगणकावर जुळवल्या की झालं. आपल्याकडे माणूस घरी जातो, ग्रामपंचायतीत नोंद होते, कारणाच्या रकान्यात हृदय बंद पडलं असं लिहिलं जातं किंवा काहीच नाही. कॅन्सरचा शब्द येत नाही. मग नोंदवहीत तो माणूस शेवटचा आला होता त्या तारखेला जिवंत म्हणून अडकून राहतो. असे बरेच असले तर जगण्याचा आकडा खोटाच वर जातो.

यावर उपाय बार्शीने दाखवला. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण भागाची नोंदणी सुरू झाली. गावात चार मोठी हॉस्पिटलं असती तर नोंदी आपोआप आल्या असत्या, पण नव्हती. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. लक्षणं समजावली, संशयित माणसांना तपासणीला पाठवलं, आणि नंतर तेच घरी जाऊन माणूस आहे की गेला ते लिहून आणू लागले. मजा अशी की मोजायला गेलेल्या माणसांमुळे लोक लवकर तपासणीला येऊ लागले, आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे रुग्ण पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यात सापडू लागले.

२०१० मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आफ्रिका, आशिया आणि मध्य अमेरिकेतल्या १२ देशांच्या २५ नोंदण्यांचा अभ्यास आला. भारतातून त्यात मुंबई, बार्शी, भोपाळ, चेन्नई आणि केरळमधलं करुनागपल्ली होतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये चीन, सिंगापूर, दक्षिण कोरिया, तुर्कस्तान इथल्या नोंदण्यांत पाच वर्षं जगणारे शंभरात ४४ ते ६० होते. गांबियात कोणत्याही कॅन्सरचा आकडा २२ च्या वर गेला नाही. माणसं तीच, आतडं तेच, फरक पडला तो मुख्यतः आजार किती लवकर सापडतो आणि उपचार किती जवळ आणि पूर्ण मिळतात यामुळे. हे आकडे काढताना इतर कारणांनी होणारे मृत्यूही हिशेबात धरतात. नाहीतर जिथे माणसं तशीही कमी जगतात तिथला कॅन्सर उगाचच जास्त वाईट दिसेल.

लवकर सापडण्याचा परिणाम किती असतो, ते एका हिशेबाने पाहू. हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत. समजा आजार आतड्यापुरता असताना उपचार झालेल्या शंभरातले ८० पाच वर्षं जगतात आणि पसरल्यावर आलेल्या शंभरातले २०. शहरात शंभरातले ६० लवकर येतात, ४० उशिरा. तिथे ४८ आणि ८ मिळून ५६ जगतात. गावाकडे २० लवकर, ८० उशिरा. तिथे १६ आणि १६ मिळून ३२. उपचार दोन्हीकडे अगदी सारखे, तरी शहराचा आकडा ५६ आणि गावाचा ३२. गावाकडच्या एखाद्या माणसाचा आजार लवकर सापडला असेल, तर त्याला ३२ लागू नाही. त्याला ८० लागू आहे.

हा टप्पा मोजण्याची रीत गुदाशयाच्याच कॅन्सरवर बसवली गेली. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधले कथबर्ट ड्यूक्स हे खानोलकरांच्याच पिढीतले आणि तेही पॅथॉलॉजिस्ट. १९३२ मध्ये त्यांनी गाठ आतड्याच्या भिंतीत आहे, भिंतीबाहेर गेली आहे, की लसिकाग्रंथींत पोहोचली आहे, अशा ए, बी, सी पायऱ्या मांडल्या. जुन्या रिपोर्टवर ड्यूक्स बी असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. आता टी, एन, एम ही अक्षरं वापरतात, कल्पना तीच. अमेरिकेतल्या नोंदणीत आज गुदाशयापुरता असलेला कॅन्सर आणि लिव्हर-फुप्फुसांत गेलेला कॅन्सर यांतला फरक सुमारे ९० विरुद्ध २० पेक्षा कमी इतका आहे. मुलाच्या मोबाइलवरचा सदुसष्ट हा या सगळ्यांची सरासरी होता.

म्हणून आकडा शोधण्याआधी टप्पा शोधा. ओटीपोटाचा एमआरआय, छाती आणि पोटाचा सीटी, आणि ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट. त्यात किती ग्रंथी तपासल्या (साधारण १२ तरी असाव्यात), कडा मोकळ्या आहेत का, हे लिहिलेलं असतं. नसेल तर विचारा. बायप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या, दुसऱ्या हॉस्पिटलला लागतात. अनेकदा आधी किरणोपचार आणि केमो देऊन गाठ लहान करतात आणि मग ऑपरेशन होतं, त्याला उशीर समजू नका. खर्चासाठी जमीन गहाण टाकण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणती हॉस्पिटलं बसतात ते पाहून घ्या.

खानोलकर २९ ऑक्टोबर १९७८ रोजी गेले. त्यानंतर नऊ वर्षांनी बार्शीची नोंदणी सुरू झाली. बार्शीचा कार्यकर्ता पाच वर्षांनी घरोघर जाऊन ज्यांची चौकशी करत होता, त्यांच्यासारखे रुग्ण खानोलकरांच्या वेळी तुकडा देऊन गावी परत जात आणि पुढचं कळत नसे.

चोपड्याच्या त्या शेतकऱ्याच्या एमआरआयमध्ये ग्रंथींना लागण दिसली, पण लिव्हर आणि फुप्फुसं साफ होती. किरणोपचार झाले, ऑपरेशन झालं. सध्या पोटावर पिशवी आहे आणि केमो चालू आहे. ते दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्याकडे येतात. पहिल्या वेळी मुंबईला निघताना मुलाने फॉर्म भरून मला दाखवायला आणला होता. पत्त्याच्या जागी त्याने मामाचा घाटकोपरचा पत्ता लिहिला होता. राहायची सोय तिथे होती, आणि मुंबईचा पत्ता दिला की काम लवकर होतं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो पत्ता तसाच राहिला असता तर नोंदवहीत हा रुग्ण मुंबईचा झाला असता. मी ते खोडायला लावलं. गाव, तालुका चोपडा, जिल्हा जळगाव. फोनच्या रकान्यात त्याचा नंबर, आणि त्याखाली शेजारच्या काकांचा.